आधी रॅक, मग एसी : बडोद्यातल्या एका विद्यापीठ ग्रंथालयाची सुधारणा

ग्रंथालय सुधारायचं म्हटलं की मागण्यांची यादी आपोआप तयार होते: एसी, वायफाय, गादीच्या खुर्च्या, चार्जिंगची सोय, आरएफआयडी (पुस्तकांत लावायचे, रेडिओलहरींनी वाचले जाणारे टॅग). बडोद्यातल्या ज्या विद्यापीठ ग्रंथालयात आम्ही हे काम केलं, तिथल्या सूचनापेटीतूनही हेच निघालं, आणि त्यातली एकही मागणी अवाजवी नव्हती. पण शोधूनही न मिळालेल्या पुस्तकाबद्दल सहसा कोणी चिठ्ठी टाकत नाही. वाचक दोन रॅक धुंडाळतो, काउंटरवर विचारतो, "इश्यू झालं असेल" असं ऐकतो आणि निघून जातो. ही सगळ्यात मोठी गैरसोय, आणि ती कुठेच नोंदली जात नाही. म्हणून निधीचा प्रस्ताव लिहिण्याआधी काउंटरवर एक वही ठेवली: न मिळालेल्या पुस्तकांची.

वहीला सहा रकाने पुरतात. तारीख, शीर्षक, बोधांक (पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा, कण्यावरचा नंबर), संगणकावर दिसणारी स्थिती, रॅकवर प्रत्यक्ष आढळलेली स्थिती आणि कारण. ती वाचकाने नव्हे, परिचराने भरायची, कारण शेवटचे दोन रकाने त्यालाच भरता येतात. परीक्षेच्या आधीचा महिना तिच्यात आलाच पाहिजे. एरवी गर्दी नसते आणि दोष झाकले जातात. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लेखी स्पष्ट करावी लागते: या वहीवरून कोणाला जाब विचारला जाणार नाही. तसं आश्वासन नसेल तर कारणाच्या रकान्यात सगळीकडे "इश्यू" एवढाच शब्द येतो.

वही भरत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. चोरीला गेलेली पुस्तकं आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असतात. जास्त असतात ती ग्रंथालयातच असलेली, पण जागेवर नसलेली. काही परत येऊन ट्रॉलीवर पडलेली असतात. संगणक मात्र त्यांना 'उपलब्ध' म्हणतो. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर परत आलेल्या पुस्तकाचं ठिकाण तात्पुरतं 'ट्रॉली' असं दाखवण्याची आणि ठरावीक तासांनी ते मूळ ठिकाणी आणण्याची सोय त्यात आहे. ती बहुतेक ठिकाणी बंदच असते. काही पुस्तकं बाइंडरकडे गेलेली असतात, यादी कागदावर, संगणकात नोंद नाही. काही विभागांच्या कपाटांत वर्षानुवर्षं असतात. काहींच्या कण्यावरचं लेबल गळून पडलेलं असतं आणि नंबर नसलेलं पुस्तक परिचर बिचारा रॅकच्या शेवटी उभं करतो.

आणि एक कारण खास आपल्या बडोद्याचं. ड्यूई या विषयवार वर्गीकरणाच्या पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आणि गुजराती साहित्याचा ८९१.४७. मराठी कादंबरी ८९१.४६३, गुजराती कादंबरी ८९१.४७३. एका आकड्याचा फरक, रॅक शेजारीशेजारी, आणि संध्याकाळी ट्रॉली रिकामी करायची घाई. पुण्यात किंवा सुरतेत दोन्हींपैकी एका भाषेचा संग्रह लहान असल्याने ही चूक क्वचितच होते. इथे दोन्ही संग्रह मोठे, त्यामुळे रोज होते. ज्याला दोन्ही लिप्या सहज वाचता येतात त्याच्याही हातून होते, कारण लावताना तो शीर्षक नाही, आकडा बघतो. उपाय स्वस्त निघाला: लेबलाच्या खाली भाषेनुसार रंगीत पट्टी. मराठीला निळी, गुजरातीला काळी, हिंदीला हिरवी. लाल आणि केशरी रंग टाळले, कारण पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते सगळ्यांत आधी उडतात. निळ्या रांगेत काळी पट्टी लांबूनही खटकते, तिच्यासाठी नंबर वाचावा लागत नाही.

यानंतर साठा पडताळणी. तिचा क्रम चुकला तर सगळी मेहनत फुकट जाते. आधी शेल्फ वाचायचं, म्हणजे बोधांकाप्रमाणे पुस्तकं लावून घ्यायची. मग स्कॅन करायचं. उलट केलं तर पुस्तक 'आहे' एवढं कळतं, पण कुठे आहे ते पुन्हा बिघडलेलंच राहतं. काम दोघांनी मिळून करायचं: एकाने पुस्तक कण्याच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी धरून अर्धं बाहेर काढायचं, दुसऱ्याने बारकोड वाचायचा आणि पडद्यावरचं शीर्षक हातातल्या पुस्तकाशी ताडून बघायचं. वरच्या टोकाला बोट घालून पुस्तक ओढायची सवय सगळ्यांनाच असते. त्यानेच कण्याची टोपी फाटते, हे पहिल्याच दिवशी दाखवून द्यावं.

पडताळणीसाठी ग्रंथालय बंद ठेवायची गरज नाही. एका वेळी एकच विषयवर्ग घ्यायचा, आणि तो पूर्ण होईपर्यंत त्या वर्गातली परत येणारी पुस्तकं वेगळ्या ट्रॉलीवर थांबवायची. नाहीतर सकाळी स्कॅन झालेल्या रांगेत दुपारी परत आलेली पुस्तकं घुसतात आणि ती न सापडलेल्यांच्या यादीत येतात. कोहाच्या इन्व्हेंटरी साधनात बारकोडांची साधी मजकूर फाइल द्यायची आणि बोधांकाची सुरुवात व शेवट ठरवून द्यायचा. जी पुस्तकं तिथे असायला हवीत पण स्कॅन झाली नाहीत त्यांची यादी ते काढून देतं. ही यादी म्हणजे हरवलेली पुस्तकं नव्हेत. ती घेऊन शेजारच्या वर्गांत, बाइंडिंगच्या खोलीत, विभागांत फिरायचं. मध्ये एक सुटी जाऊ द्यायची, कारण सुटीनंतर बरीच पुस्तकं न विचारता परत येतात. मग पुन्हा बघायचं. त्यानंतरच 'हरवले' ही स्थिती लावायची.

इथे भीतीचा एक अडसर येतो आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. पडताळणीत कमी निघालेल्या पुस्तकांची वसुली आपल्या पगारातून होईल या धास्तीने कित्येक ग्रंथालयांत ती वर्षानुवर्षं होतच नाही, किंवा स्टॅक (पुस्तकांच्या रॅकचा भाग) वाचकांसाठी बंद केले जातात. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ याबाबत समंजस आहे. २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, ५०,००० पर्यंत असतील तर तीन वर्षांतून निदान एकदा पूर्ण, त्याहून मोठ्या संग्रहात तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी. आणि वर्षभरात इश्यू झालेल्या किंवा वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं वाजवी मानलं जातं, अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. १,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या आणि दुर्मिळ ग्रंथांची चौकशी मात्र करावीच लागते. राज्य विद्यापीठाला हा नियम आपोआप लागू होत नाही, पण ग्रंथालय समितीने ठराव करून मोजमाप म्हणून तो स्वीकारता येतो. लेखापरीक्षणासमोर तो ठराव उपयोगी पडतो आणि कर्मचाऱ्यांच्या मनावरचं ओझं उतरतं. आमच्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक कागद.

लेबलं आणि बारकोड नव्याने लावताना छपाईचा प्रकार विचारूनच घ्यावा. थेट उष्णतेने छापलेलं लेबल, म्हणजे दुकानाच्या बिलासारखं, स्वस्त पडतं. पण बडोद्याच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात ते काळवंडतं आणि दोन-तीन वर्षांत स्कॅनरला वाचता येत नाही. रिबनवर छापणारा प्रिंटर आणि रेझिनमिश्रित रिबन घ्यावी. बारकोड आतल्या पानावर चिकटवायची जुनी पद्धत सोडून द्यावी, कारण मग पडताळणीत प्रत्येक पुस्तक उघडावं लागतं. मुखपृष्ठावर, कण्याच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात उभा बारकोड लावला की पुस्तक चार बोटं बाहेर ओढून वाचता येतो. रेक्झिनच्या बाइंडिंगवर कण्याचं लेबल टिकत नाही. त्यावरून पारदर्शक पट्टी कण्याला वळसा घालून दोन्ही पुठ्ठ्यांवर यायला हवी. ठिसूळ झालेल्या जुन्या पुस्तकांना कसलाही चिकट पदार्थ लावू नये. आम्लमुक्त कागदाची लांब चिठ्ठी आत घालून तिच्या बाहेर राहिलेल्या टोकावर बोधांक पेन्सिलीने लिहावा.

आता मराठी नोंदींबद्दल, कारण आमचा सगळ्यांत जास्त वेळ इथेच गेला आणि तो सत्कारणी लागला. पुस्तक रॅकवर अगदी जागेवर आहे, पण ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय सूचीत, शोधलं तर येत नाही, म्हणजे वाचकासाठी ते नाहीच. सुरुवातीच्या संगणकीकरणात मराठी शीर्षकं रोमन लिपीत भरली गेली, ती भरणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे. 'विज्ञान' या शब्दातला ज्ञ मराठी माणूस डी-एन-वाय असा लिहितो, गुजराती माणूस जी-एन असा आणि हिंदी भाषक जी-वाय असा. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती तीन वेगळ्या नोंदींवर बसलेल्या सापडतात. नंतर कोणीतरी देवनागरीत भरायला घेतलेलं असतं, पण जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये नव्हे. ते पडद्यावर रोमन चिन्हांचा कचरा म्हणून दिसतं.

आम्ही ठरवलेली पद्धत अशी: शीर्षकपृष्ठावर आहे तसं देवनागरी शीर्षक मार्क या नोंदींच्या प्रमाण साच्यातल्या २४५ (मुख्य शीर्षक) या क्षेत्रात, रोमन रूपं सगळी २४६ (पर्यायी शीर्षक) मध्ये. रोमन रूप पुसून टाकू नये, कारण मोबाइलवर शोधणारे अनेक विद्यार्थी आजही रोमनमध्येच टाइप करतात. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांना आणखी एक २४६ लागतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम त्या वर्षी आले. त्याआधीच्या शीर्षकांत 'नाहीं', 'इतिहासांतील', 'पद्धति' अशी रूपं असतात. आजचा विद्यार्थी 'पद्धती' असं शोधणार. मूळ रूप २४५ मध्ये जसंच्या तसं ठेवून आजचं रूप २४६ मध्ये दिलं की दोन्ही सांभाळली जातात. 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' यांचंही तेच.

न दिसणारी चूक सगळ्यांत जास्त छळते. 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'सुधारणाऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दोन, साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच, एक सलग अक्षर, दुसरं अ वर चंद्र. मार्कएडिटसारख्या मोफत साधनात सगळ्या नोंदी घेऊन हे एकगठ्ठा बदलता येतं. आधी संपूर्ण डेटाबेसची प्रत काढून ठेवा, मग शंभरेक नोंदींवर करून बघा, मग सगळ्यांवर. कोहाचं शोधयंत्र झेब्रा असेल तर देवनागरी शब्द नीट तोडले जाण्यासाठी आयसीयू (वेगवेगळ्या लिप्या ओळखणाऱ्या) पद्धतीचा निर्देशांक, म्हणजे शोधासाठीची शब्दसूची, चालू हवा. मूळ मांडणी रोमन लिपीसाठीची असते. तो बदलल्यावर निर्देशांक पुन्हा पूर्ण बांधावा लागतो. हे रात्री करावं, कारण तेवढा वेळ शोध अर्धवट चालतो.

बडोद्यातल्या संग्रहात ग्रंथमालांचा प्रश्नही येतो. श्री सयाजी साहित्यमालेत मराठी आणि गुजराती, दोन्ही भाषांतली पुस्तकं आहेत. नोंदीत मालेचं नाव कुठे टिपेत, कुठे उपशीर्षकात, कुठे नाहीच, अशी स्थिती असली तर संस्थानकाळावर काम करणाऱ्या संशोधकाला संपूर्ण माला एकत्र दिसतच नाही. ८३० या क्षेत्रात मालेचं एकच ठरलेलं रूप आणि पुष्पाचा, म्हणजे मालेतल्या त्या पुस्तकाचा, क्रमांक दिला की प्रश्न सुटतो. या कामासाठी मराठी वाचता येणारे एम.ए.चे विद्यार्थी ताशी मानधनावर घेतले, आणि त्यांच्या नोंदी तपासायला एक जाणता माणूस ठेवला. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतून अजूनही पेट्याच्या पेट्या देणगी म्हणून येतात आणि त्यांत खरोखर दुर्मिळ पुस्तकं असतात. देणगी स्वीकारताना दात्याच्या नावाचं वेगळं कपाट कबूल करू नये. नावाची पट्टी पुस्तकाच्या आत लावावी आणि पुस्तक आपापल्या वर्गात जावं. वेगळ्या कपाटाला कुलूप लागतं आणि ते उघडत नाही.

रॅकचं गणित सोपं आहे पण कोणी करत नाही. ९० सेंटिमीटरच्या एका फळीवर सरासरी अडीच सेंटिमीटर जाडीची ३५ पुस्तकं दाटून बसतात. फळीचा पाव भाग तरी मोकळा ठेवायचा, म्हणजे २५-२६ पुस्तकं. सहा फळ्यांच्या एका घोड्यावर, इथले परिचर रॅकला घोडाच म्हणतात, साधारण १५० पुस्तकं धरावीत. फळी दाटून भरली की परत आलेलं पुस्तक जिथे फट दिसेल तिथे जातं. जागा चुकण्याचं निम्मं मूळ यातच आहे. मोकळ्या जागेत पुस्तकं कलंडू नयेत म्हणून बुक सपोर्टर हवेतच. दोन रॅकमध्ये चाकाच्या खुर्चीला निदान ९० सेंटिमीटर वाट, दाराशी १:१२ चा उतार. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन-रीडर बसवलेला, हेडफोनसह एक संगणक आणि सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सदस्यत्व, एवढ्याने सुरुवात होते.

उजेडाच्या बाबतीत बडोद्याला दूर बघायची गरज नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतले पोलादी स्टॅक आणि काचेचे मजले आजही जाऊन बघता येतात. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा ही त्यामागची योजना. आपल्या इमारतीत काचेची जमीन घालता येणार नाही, पण तत्त्व उचलता येतं: उजेड तळाच्या फळीपर्यंत पोचतो का ते बघायचं. लक्समीटर किंवा मोबाइलमधलं ॲपसुद्धा तुलनेपुरतं चालतं. वाचनाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स हवेत. स्टॅकमध्ये मोजायचं ते जमिनीजवळच्या फळीवर, कण्यांवर. छतावरच्या दिव्याखाली मोजून काही कळत नाही. दिव्यांच्या पट्ट्या रॅकना काटकोनात बसवाव्यात. रॅकना समांतर बसवल्या आणि पुढे रॅक फूटभर सरकवले, की दिवा नेमका रॅकच्या डोक्यावर येतो आणि वाट अंधारात जाते.

एसीबद्दल आमचं मत ठाम आहे. वाचनकक्षात असावा. स्टॅकमध्ये चोवीस तास चालवणार नसाल तर बसवू नये. पावसाळ्यात दिवसा गार केलेली खोली रात्री बंद झाली की बाहेरची दमट हवा थंड भिंतींवर आणि पुठ्ठ्यांवर ओल धरते, आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी येते. त्यापेक्षा एक्झॉस्ट पंखे, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलेले रॅक आणि दोन-तीन ठिकाणी आर्द्रतामापक जास्त उपयोगाचे. डांबराच्या गोळ्या आम्ही बंद केल्या. बुरशीवर त्यांचा उपयोग नाही आणि दिवसभर तिथे बसणाऱ्या माणसांना त्यांचा वास अपायकारक असतो. झटकणीने धूळ फक्त शेजारच्या रॅकवर जाते, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर.

विश्वामित्री नदीच्या पुराची तयारी मात्र कोणत्याही यादीत वर हवी. २०१९ आणि २०२४ च्या पुरांनी शहराचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तळमजल्यावर जुलै ते सप्टेंबर सर्वांत खालची फळी रिकामी ठेवावी, आणि दुर्मिळ संग्रह कायमचाच वर हलवावा. पुस्तकं भिजलीच तर ४८ तासांत बुरशी धरते. भिजलेलं पुस्तक उघडू नये, उन्हात वाळत घालू नये. थोडं ओलं असेल तर पंख्याखाली उभं करून पानांत शोषकागद घालावा आणि तो बदलत राहावं. गुळगुळीत कागदाची पुस्तकं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. ती आणि हाताबाहेर गेलेला गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शीतगृहात गोठवायचा, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. त्यासाठी जवळच्या शीतगृहाशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवावं.

चार्जिंगचे पॉइंट देताना वायरिंग आधी बघा. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा धरला तर १०० जागांना साडेसहा किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २८ अँपिअर. जुन्या इमारतीतल्या एका सर्किटवर हे लटकवता येत नाही. दहा-बारा पॉइंटमागे वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि सगळ्यांवर आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच). स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी स्वतःची पुस्तकं घेऊन दिवसभर बसतात; त्यांना हुसकावू नये, त्यांच्यासाठी वेगळा, उशिरापर्यंत उघडा कक्ष द्यावा आणि स्टॅकलगतची टेबलं ग्रंथालयाची पुस्तकं चाळणाऱ्यांसाठी राखावीत.

ई-जर्नलांसाठी सरकारी विद्यापीठांना जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं मिळतात, आणि तिचं काम आपल्या शेजारच्या गांधीनगरातून इन्फ्लिबनेट हे यूजीसीचं केंद्र बघतं. घरून लॉगिन चालतं हे मात्र प्रत्येक नव्या तुकडीला वर्गात जाऊन दाखवावं लागतं. फलक लावून कोणी शिकत नाही.

आरएफआयडी आम्ही सगळ्यांत शेवटी घेतलं. टॅगमध्ये मुळात बारकोडाचाच नंबर भरला जातो; बारकोड चुकीच्या नोंदीवर असेल तर टॅगही चुकीच्याच नोंदीवर बसतो, आणि तो दुरुस्त करायला पुस्तक पुन्हा हातात घ्यावं लागतं. १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या आत, कण्यालगत, वर-मध्ये-खाली अशा तीन उंचींवर आळीपाळीने लावावेत. सगळे एकाच उंचीवर लावले तर पातळ पुस्तकांचे टॅग एकमेकांवर येतात आणि हातातल्या रीडरला काही पुस्तकं दिसत नाहीत. लोखंडी रॅकच्या बाजूला टेकलेलं पहिलं आणि शेवटचं पुस्तकही सुटतं. तिथे लाकडी किंवा प्लॅस्टिकचा सपोर्टर घालावा. निविदेत दोन अटी लिहूनच घ्याव्यात: टॅगवरची माहिती ग्रंथालयांच्या टॅगसाठीच्या आयएसओ २८५६० या मानकाप्रमाणे लिहिलेली असेल, आणि टॅगांना लावलेला कोणताही पासवर्ड पुरवठादार काम पूर्ण होताना लेखी देईल. या अटी नसतील तर पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा रीडर हेच टॅग वाचू शकत नाही, आणि सगळा संग्रह पुन्हा टॅग करण्याची पाळी येते.